उसनी माती

आम्ही पोहोचलो तेव्हा गावात मयत होती.

दोन ट्रक, एक जीप आणि मागं पाण्याचा टँकर असा आमचा लवाजमा डोंगर चढून कालिंबीत शिरला, तर शाळेच्या मागच्या पटांगणात झाडून सगळा गाव गोळा झालेला. मधे खड्डा, त्याच्या कडेला मातीचा भला थोरला ढीग, आणि चार-पाच बाप्ये फावड्यानं माती आत लोटत होते. आमचे ट्रक दिसल्याबरोबर फावडी जागच्या जागी थांबली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी रडत नव्हतं. मला ते जरा खटकलं, पण म्हटलं, मुलूख वेगळा, चालीरीती वेगळ्या, आपण कशाला नाक खुपसा.

गर्दीतून एक उंच, चष्मेवाला माणूस पुढं आला. हा बहाती, आम्हाला नेमून दिलेला दुभाषा. गावातल्या बंद पडलेल्या शाळेचा मास्तर. आमच्या आधी तिकडं येऊन गेलेल्या एका हिंदुस्थानी पलटणीबरोबर त्यानं बरेच दिवस काढले होते, त्यामुळं त्याची हिंदी माझ्या पोरांपेक्षा सरस होती. तो बोलला ते मी इथं मराठीत लिहितोय.

“कोण गेलं?” मी विचारलं.

उत्तर देण्याआधी त्यानं मागं वळून एका ठेंगण्या, दणकट बाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

“एक म्हातारा,” बहाती म्हणाला. “सिल्वेस्टर त्याचं नाव.”

मी पोरांना टोप्या उतरवायला लावल्या. आम्ही ओळीनं उभे राहिलो. गावानं घाईघाईनं खड्डा बुजवला, वर थोडा उंचवटा केला, दोन काठ्या वेलीनं बांधून क्रूस रोवला आणि सगळे पांगले. ढीग मात्र बराचसा तसाच राहिला.

त्या देशाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी आपल्याकडं कुणाला त्याची राजधानी आठवणार नाही, आणि त्या राजधानीला कालिंबी आठवत नव्हती, तेव्हा फिटंफाट. निवडणूक जवळ आली की एखादा मंत्री हेलिकॉप्टरनं उतरायचा, रस्ता, दवाखाना, शाळा अशी नावं घ्यायचा आणि धूळ उडवत निघून जायचा. एवढंच सरकार. बाकी त्या डोंगरांमधे एक काळा, जड दगड सापडतो. आपल्या खिशातल्या प्रत्येक मोबाईलमधे त्याचा कणभर अंश असतो म्हणतात. ज्या डोंगरात तो सापडला, तो डोंगर कुणाच्या तरी बंदुकीखाली गेला. काही डोंगर जंगलातल्या टोळ्यांकडं होते, काही त्यांच्याशी लढायला पाठवलेल्या सरकारी फौजेकडं. दोघांचाही माल एकाच विमानतळावरून बाहेर जायचा. आमचं काम म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून या दोघांच्या मधे बसणं. कालिंबीच्या डोंगरात काही सापडत नाही अशी ख्याती होती, म्हणून ते गाव अजून जागेवर होतं.

आल्या आल्या मोर्चा बांधायला घेतला. ज्यांना फौजेतलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोर्चा म्हणजे मातीच्या गोण्यांची भिंत, जिच्याआड बसून पहारा करायचा. गोण्या आमच्याजवळ होत्या, मातीच मिळेना. जिथं कुदळ मारावी तिथं मुळं नाहीतर कातळ. पोरांचे तळहात सोलून निघाले. तेवढ्यात माझं लक्ष शाळेमागच्या ढिगाकडं गेलं. आयती, मोकळी केलेली माती.

“ती भरा,” मी म्हणालो.

लान्सनायक दादासो खिलारे कुदळीवर रेलून उभा होता. गडी पैलवान, एका वेळी दोन गोण्या खांद्यावर टाकणारा, पण देवभोळा.

“सायेब, मढ्याची माती मोर्च्याला?”

“माती ती माती, खिलारे. गोळी थांबवते का एवढंच बघ.”

“गोळी थांबवंल वो. पर बाबा आपल्याला झोपू दील का?”

मी बहातीला विचारायला पाठवलं. तो त्या ठेंगण्या बाईला घेऊन आला. तिचं नाव मापेंडो. गावात मुखिया म्हणून एक म्हातारा होता खरा, पण पान हलायचं ते मापेंडोच्या सांगण्यावरून. तिकडं बाईला मानानं ‘मामा’ म्हणतात. आमच्या पोरांना बाईला मामा म्हणायची काही जीभ रेटेना, हसूच यायचं, मग सगळे तिला आई म्हणायला लागले.

माती मागितल्यावर तिनं आधी ढिगाकडं पाहिलं, मग आमच्या रिकाम्या गोण्यांकडं. बहाती तिच्याकडं बघत राहिला. शेवटी ती हळूहळू बोलली.

“घ्या म्हणते,” बहाती म्हणाला. “पण उसनी. जाताना जिथून घेतली तिथंच परत टाकायची. आमच्याकडं दुसऱ्याच्या जागेतली माती अशीच नेतात.”

“दिली, आई,” खिलारे मधेच बोलला. “जाताना मूठभरबी ठिवणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका आपणहून गोण्या भरायला आल्या. ढीग संपला तरी थांबेनात. शेवटी खराटे घेऊन जमीन झाडली आणि ते झाडलेलंही गोणीत घातलं. इतकं सहकार्य मी कुठल्याच मुलखात पाहिलं नव्हतं. गोण्या मात्र वजनाला भारी. “शिसं भरलंय का काय ह्यात,” म्हणून पोरं कुरकुरायची. मी म्हणायचो, खाऊन खाऊन सुस्त झालात, दुसरं काय.

खिलारेनं मोर्चा उभा राहिला त्याच दिवशी त्या कबरीवर हळद वाहिली. घरून आणलेल्या उदबत्त्यांतली एक लावली. सिल्वेस्टर हे नाव त्याच्या तोंडात बसेना, तेव्हा त्यानं ‘शिलेश्वरबाबा’ करून टाकलं. आठवड्याभरात निम्मी पलटण गस्तीला निघताना शिलेश्वरबाबाला हात जोडायला लागली. त्यानंतर दोनदा आमच्यावर गोळीबार झाला आणि कुणाला खरचटलंही नाही, त्यामुळं बाबाचं प्रस्थ आणखी वाढलं. गावातली माणसं हे लांबून बघायची. सुरवातीला त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं मला कळलं नाही. पुढं पुढं तीही तिथून जाताना टोपी काढायला लागली.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नव्हती. गावच्या जुन्या कबरींवर त्या त्या माणसाचं एखादं भांडं असायचं. कुणाचा मग, कुणाची थाळी. तळाला भोक पाडलेलं, म्हणजे मेलेल्याचं भांडं पुन्हा जित्यानं वापरू नये. बाबाच्या कबरीवर असं काहीच नव्हतं.

“फार गरीब होता का?” मी बहातीला एकदा विचारलं.

“काहीच नव्हतं त्याच्याकडं,” बहाती म्हणाला.

आता पाण्याचं सांगतो. कालिंबीला पाणी म्हणजे खालची नदी. बायका पिवळे कॅन पाठीला बांधून, पट्टा कपाळावर घेऊन, जंगलातल्या पायवाटेनं उतरायच्या आणि भरलेले कॅन घेऊन चढ चढायच्या. नदीपलीकडं टोळीवाले. आठवड्यातून दोनदा आम्ही त्यांच्याबरोबर गस्त पाठवायचो. बाकीच्या दिवशी देवावर हवाला.

मी माण तालुक्यातला. पलटणीतली बरीचशी पोरं माणची, खटावची, जतची. आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं तर माणसं मुलगा झाल्यासारखे पेढे वाटतात. डोक्यावर पाणी वाहणारी बाई बघितली की आमचा हात आपोआप पहारीकडं जातो. खिलारेचा बाप तर पाणाड्या, हातात नारळ धरून झरा दाखवणारा. खिलारेनं सगळं गाव पालथं घालून चार जागा हेरल्या. मी मापेंडोला बोलावलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, “आई, आम्ही तुम्हाला विहीर खणून देतो. मेहनत आमची, पहारी आमच्या.”

“नको,” ती म्हणाली.

“का?”

“नदीचं पाणी गोड आहे.”

मी पुन्हा विचारलं, महिन्यानं परत विचारलं. उत्तर एकच. नदीचं पाणी गोड आहे. मला वाटलं, असेल एखादी समजूत, जमिनीला घाव घालू नये अशी. पोरांना मात्र राग यायचा. फुकट विहीर नाकारणारी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

पावसाळ्याच्या शेवटी मापेंडोची मुलगी नीमा पाण्याला गेली ती परत आली नाही.

तो गस्तीचा दिवस नव्हता. पोरगी लग्नाची होती, हसरी, खिलारेला त्यांच्या भाषेतले आकडे शिकवायची आणि तो चुकला की टाळ्या पिटायची. आम्ही नदीपर्यंत गेलो, पलीकडं गेलो, जंगल पिंजून काढलं. पायवाटेवर तिचा पिवळा कॅन सापडला, निम्मा भरलेला. मी तो स्वतः मापेंडोच्या हातात दिला. तिनं तो उंबऱ्याजवळ ठेवला आणि आत जाऊन चूल पेटवली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, गावातून रडण्याचा आवाज आलाच नाही. मी बहातीला विचारलं.

“आमच्याकडं देह मिळाल्याशिवाय रडत नाहीत,” तो म्हणाला. “रडलं म्हणजे मेलं म्हणून कबूल केलं. आणि एकदा ज्याच्यासाठी रडलं, ते माणूस उद्या दारात येऊन उभं राहिलं तरी त्याला घरात घेता येत नाही. गाव त्याला भूत समजतं. मापेंडो रडणार नाही. तिचा कॅन उंबऱ्यावर आहे तोवर नीमा पाण्याला गेलेली आहे.”

मग माझं डोकं फिरलं. आता कुणाला विचारायचं नाही, सरळ विहीर खणायची. खिलारेनं खुणा केलेल्या पहिल्या जागेवर आम्ही दोरी ताणून, खुंट्या ठोकून आखणी केली. पहारी आणायला पोरं वळतात तोच बायका आल्या आणि आखलेल्या जागेत जाऊन बसल्या. सगळ्यात पुढं मापेंडो, जिची पोरगी पाण्यापायी गेली ती.

“आई, ऊठ,” मी म्हणालो. “तुझ्या नीमासाठी तरी ऊठ.”

ती बसूनच राहिली. खुंट्या उपटून तिनं एकेक माझ्या हातात दिली. मी तिथून पाय आपटत निघून गेलो. त्या दिवशी मी त्या गावाबद्दल जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निवडणूक झाली. राजधानीत माणसं बदलली का तीच राहिली मला सांगता येणार नाही, पण शांतता प्रस्थापित झाल्याचं जाहीर झालं आणि आम्हाला कालिंबी सोडायचा हुकूम आला. ठाणं सरकारी फौजेच्या कर्नल लुबालाच्या ताब्यात द्यायचं होतं. वायरलेसवर मेजरसाहेब म्हणाले, “विरकर, ठाणं जसं आहे तसं सोपवा. वाद नको.”

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच मापेंडो टोपल्या घेतलेल्या बायकांना घेऊन मोर्च्यापुढं हजर. बहाती बरोबर होता.

“माती घ्यायला आलोत,” तो म्हणाला.

“माती? अरे बाबा, भिंत कर्नलला द्यायचीय. हुकूम आहे.”

“कबर खचलीय,” मापेंडो म्हणाली. ते खरं होतं. वर्षभरात तो उंचवटा जाऊन तिथं चांगली खळगी पडली होती.

“मग दुसरी माती टाका. मातीला काय तोटा?”

खिलारे पुढं आला. “सायेब, म्या शब्द दिलाय. बाबाला नवस हाय माझा. त्याची माती त्याला दिल्याबगार म्या ट्रकात पाय ठिवणार न्हाई.”

मी कात्रीत सापडलो. एकीकडं मेजरसाहेब, दुसरीकडं शिलेश्वरबाबा. बहातीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, एक मगभर पाणी द्या.”

त्यानं मला मोर्च्याच्या आत नेलं. एका फाटक्या गोणीतून मूठभर माती काढून माझ्याच चहाच्या मगात टाकली, पाणी घातलं, मग गोल गोल फिरवत वरचं गढूळ पाणी सांडलं. पुन्हा पाणी, पुन्हा सांडलं. तांदळातले खडे काढताना आपल्याकडच्या बाया करतात तसं. शेवटी मगाच्या तळाशी काळीभोर, चकाकणारी रेती राहिली. मी मग हातात घेतला आणि तिचं वजन लागल्याबरोबर सगळं उमगलं. निदान मला तसं वाटलं.

“आयला!” मी हसायला लागलो. “म्हणजे गावाचं धन आमच्या भिंतीत दडवलंत? वर्षभर आम्ही तुमच्या तिजोरीवर पहारा केला होय?”

बहाती हसला नाही.

“धन नाही, साहेब. मापेंडोचं माहेर न्यामुका, या डोंगराच्या मागं. तिथं पहिल्यांदा हे एका पोराला ओढ्यात सापडलं. आधी विकत घेणारे आले. सगळ्यांनी पत्रे घेतले, रेडिओ घेतले. मग टोळी आली. टोळीला हाकलायला फौज आली आणि तिथंच राहिली. नंतर राजधानीतून एक कंपनी कागद घेऊन आली की हा डोंगर आमचा. आता तिथं खड्डे आहेत. मापेंडोला आपल्या आईच्या चुलीची जागासुद्धा दाखवता येत नाही.”

“मग ही माती?”

“आम्ही विहीर खणत होतो. शाळेमागं. पाणी लागायच्या आधी हे लागलं. मापेंडोनं एक मूठ घेतली आणि खणणाऱ्यांना बाहेर काढलं. गावानं ठरवलं, बुजवून टाकायची आणि कुणी जन्मात बोलायचं नाही. केळीचे बुंधे, दगड, जे मिळेल ते आधी आत टाकलं, लवकर भरावी म्हणून. वर माती लोटायला घेतली आणि तुमचे ट्रक आले.”

मग मी विचारलं, “आणि सिल्वेस्टर?”

“या गावात सिल्वेस्टर नावाचा कुणी माणूस नव्हता, साहेब.”

मला हसूही आलं आणि लगेच ते विरलंही. आखलेल्या दोरीच्या आत बसलेल्या बायका डोळ्यांपुढं आल्या. आम्ही खणलं असतं तर काय निघालं असतं ते त्यांना ठाऊक होतं. पोरगी गेली तरी ती बाई विहीर नको म्हणाली होती, आणि मी तिला नीमाची शपथ घातली होती. चहाचा मग तसाच हातात घेऊन मी बाहेर आलो, तो पालथा केला आणि म्हणालो, “खिलारे, भिंत उतरवा. माती बाबाला परत.”

पोरं भिडली. वर्षभर कुरकुर करणारी पोरं नवसाच्या कामाला अशी लागली की बघत राहावं. गोणी फोडायची, खळग्यात ओतायची, बायकांनी पायांनी दाबायची. निम्म्याहून जास्त भिंत उतरली असेल, तेवढ्यात खालच्या वळणावर जीपचा आवाज आला.

कर्नल लुबाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. तो एक दिवस आधीच आला.

माणूस मोठा अदबशीर. इस्त्रीचे कपडे, हातात शिसवी छडी, मागं जीपमधे चार बंदूकवाले. माझ्याशी हात मिळवला, हवापाण्याची चौकशी केली. बोलायचा त्यांच्या भाषेत आणि बहाती मला सांगायचा. बहातीचा आवाज अगदी सरळ होता, पण चष्मा तो उगाचच पुसत होता.

“माझी भिंत कुठं चालली?” कर्नलनं हसत विचारलं.

“साहेब, ही कबरीवरची माती आहे,” मी म्हणालो. “आम्ही उसनी घेतली होती. आमच्या धर्मात मेलेल्याचं देणं ठेवून जात नाहीत.”

“वर्षभर चाललं. आजच धर्म आठवला?”

मी खिलारेला पुढं बोलावलं. त्याला खऱ्याचा पत्ता नव्हता, म्हणूनच बोलावलं. तो अटेन्शनमधे उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “बाबानं आमची पोरं राखली. म्या शब्द दिला व्हता. तो मोडला तर घरी गेल्यावर आईला तोंड दावता यायचं न्हाई.” त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. मी ते हिंदीत ‘या कबरीनं आमची पोरं राखली’ असं सांगितलं, बहातीनं पुढं सांगितलं. कर्नलचे बंदूकवाले जरा मागं सरकले. मेलेल्याच्या मातीला भिणारी माणसं तिकडंही आहेतच.

कर्नल भिणाऱ्यांतला नव्हता. त्यानं छडीच्या टोकानं एक उघडी गोणी उचकली. वाकून चिमूटभर माती घेतली. बोटांत चोळायला लागला. हळूहळू. ही माती ओळखणारी बोटं होती ती. मापेंडो माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

कर्नलनं बोटांकडं पाहिलं, मग कबरीकडं. रिकाम्या, भांडं नसलेल्या कबरीकडं. त्यानं मापेंडोला एक प्रश्न विचारला. बहातीनं मला तो सांगितला नाही, पण सांगायची गरज नव्हती. यात कोण आहे, एवढाच प्रश्न असणार. मला विचारलं असतं तर मी पटकन सिल्वेस्टर म्हणालो असतो, आणि तो म्हणाला असता, उकरा.

मापेंडो वळली. तिनं आपल्या घराकडं पाहिलं. मग ती म्हणाली, “नीमा.”

आणि ती रडली.

मी लढाया पाहिल्यात, भूकंपात गाडलेली गावं उकरलीत, पण तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. ती ओल्या मातीवर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी ती माती स्वतःकडं ओढायला लागली. पहिल्यांदा बाकीच्या बायका नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं तिनं काय केलंय ते. मग एकीनं गळा काढला, मग दुसरीनं, आणि बघता बघता सगळं गाव नीमासाठी रडायला लागलं. बहातीनं चष्मा काढला आणि तोही रडला. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

मापेंडो उठली, घरी गेली आणि उंबऱ्यावरचा पिवळा कॅन घेऊन आली. दगडानं तिनं त्याचा तळ फोडला. पहिल्या घावाला फुटेना. खिलारे मदतीला वाकला तर तिनं त्याचा हात बाजूला केला. तळ फुटल्यावर तिनं कॅन क्रूसाजवळ ठेवला.

कर्नलनं टोपी काढली. बोटांना लागलेली माती त्यानं रुमालाला पुसली. “आटपून घ्या,” तो मला म्हणाला, आणि जीपकडं गेला.

उरलेली सगळी माती आम्ही परत टाकली. शेवटची गोणी खिलारेनं झटकली, उलटी करून पुन्हा झटकली. मग त्यानं शेवटची उदबत्ती लावली आणि तसाच उभा राहिला.

“सायेब,” तो हळूच म्हणाला, “म्या वरीसभर बाबा बाबा करत राह्यलो. अन् आपली नीमा घावली, तिला बाबाजवळच पुरली व्हती. मला कुणी सांगितलं का न्हाई?”

मी त्याला काहीच सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मी पेन्शनीवर गावाकडं असतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या रानात बोअर घेतली, पाणी लागलं, पोरंबाळं त्या चिखलात नाचली. खिलारे आला होता नारळ फोडायला. त्याच संध्याकाळी का कोण जाणे मी बहातीचा नंबर लावला. लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागला. आवाज लांबून आल्यासारखा, मधेच तुटणारा.

कर्नल कधीच बदलून गेला, त्याच्यानंतर आणखी दोघं आले, असं तो म्हणाला. गाव जागेवर आहे. मापेंडो थकलीय, पण आहे.

“नीमाचं काही?” मी विचारलं.

“तिचं रडून झालंय, साहेब,” तो म्हणाला. “आता ती आली तरी कुणाच्या दारात येणार?”

बाहेर पोरांचा दंगा चालू होता. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, “पाणी कुठून आणता आता?”

“नदीवरूनच, साहेब,” तो म्हणाला.